पहिलं वर्ष गाजलं, पुढे काय? फुटबॉलच्या ‘यंग प्लेयर’ पुरस्काराचा एका दुकानदाराने मांडलेला हिशोब



कोल्हापुरात माझ्या दुकानात कधी आलात तर गल्ल्याच्या मागे, घड्याळाखाली, एक पांढरी जर्सी टांगलेली दिसेल. पाठीवर नाव ‘डेली’ आणि नंबर २०. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "ही केवढ्याला?" मी सांगतो, "ती विकायची नाही." मग पुढचा प्रश्न येतो, "पण हा डेली कोण?"

२०१७ साली हा प्रश्न आमच्या पेठांत कोणी विचारला नसता. संध्याकाळी शाहू स्टेडियमवर आपापल्या तालमीच्या टीमसाठी घसा कोरडा करायचा आणि रात्री जागून इंग्लंडची प्रीमियर लीग बघायची, हा इथल्या पोरांचा नेम. त्यांना डेली अली घरच्या माणसासारखा माहीत होता. त्या वर्षी त्याने इंग्लंडचा सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार सलग दुसऱ्यांदा जिंकला होता. आणि त्या पुरस्काराच्या भरवशावर मी दुकानातले २०,८०० रुपये अडकवून बसलो होतो.

माझी गोष्ट शेवटी सांगतो. आधी हा पुरस्कार नीट समजून घेऊ. तुम्ही फुटबॉल बघत असा किंवा नसा, धंदा सुरू करून तुमचं पहिलं, दुसरं किंवा तिसरं वर्ष चालू असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

मत कोण देतं ते आधी बघा

इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंची एक संघटना आहे, प्रोफेशनल फुटबॉलर्स असोसिएशन, थोडक्यात पीएफए. १९०७ मध्ये मँचेस्टरमध्ये खेळाडूंनीच ती उभी केली. कामगारांची युनियन असते तशीच ही खेळाडूंची युनियन. ही संघटना १९७४ पासून दरवर्षी दोन मोठे पुरस्कार देते. एक वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला आणि दुसरा सर्वोत्तम तरुण खेळाडूला. या दुसऱ्याचं नाव ‘पीएफए यंग प्लेयर ऑफ द इयर’.

‘तरुण’ म्हणजे किती तरुण? पूर्वी अट होती की सीझन सुरू होताना वय २३ किंवा त्याहून कमी हवं. अलीकडच्या वर्षांत ही मर्यादा २१ वर आणली आहे. सोहळा आधी एप्रिलमध्ये, म्हणजे सीझन संपायच्या आतच व्हायचा. आता तो ऑगस्टमध्ये होतो.

पण माझ्या दृष्टीने या पुरस्कारातली खरी गोम मतदानात आहे. विजेता खेळाडूच निवडतात. ज्या बचावपटूला तुम्ही शनिवारी चकवलं, ज्या गोलकीपरला तुमचा शॉट अडवता आला नाही, तोच तुम्हाला मत देणार. याची तुलना दुसऱ्या पुरस्कारांशी करून बघा. इटलीतल्या तुरिन शहरातलं ‘तुत्तोस्पोर्त’ हे क्रीडा दैनिक २००३ पासून ‘गोल्डन बॉय’ पुरस्कार देतं, तिथे वेगवेगळ्या देशांतले पत्रकार मत देतात. ‘फ्रान्स फुटबॉल’ने २०१८ मध्ये ‘कोपा ट्रॉफी’ सुरू केली, तिथे बॅलन डी’ओर जिंकलेले जुने दिग्गज मत देतात. पुरस्कार तीन, परीक्षक तीन प्रकारचे. लिहिणारे, आधी जिंकलेले आणि रोज समोरून खेळणारे.

आता स्वतःच्या धंद्याकडे या. तुमचं कौतुक कोण करतंय? सोशल मीडियावर अंगठा दाखवणारा मित्र, शाल-श्रीफळ देणारी संस्था, की तुमच्याच गल्लीत तोच माल विकणारा समोरचा दुकानदार? मी ट्रेनिंगमध्ये नेहमी सांगतो की समोरचा दुकानदार आपल्या कामगाराला हळूच "जरा बघून ये, तो काय भावाने देतोय" असं म्हणून तुमच्याकडे पाठवायला लागला, की समजा तुम्हाला पहिलं मत पडलं. होलसेलरने न मागता पंधरा दिवसांची जास्त उधारी दिली, की दुसरं मत पडलं. ही मतं कोणी स्टेजवर जाहीर करत नाही, पण धंद्यात तीच मोजायची असतात.

पुरस्काराआधीची उसनवारी

विजेत्यांची यादी वाचली की वाटतं, ही सगळी जन्मतःच भारी पोरं. रायन गिग्ज, रॉबी फाउलर, वेन रूनी यांनी प्रत्येकी दोनदा पुरस्कार जिंकला. डेली अली आणि फिल फोडेन यांनीही दोनदा जिंकला. अँडी ग्रेने १९७७ मध्ये, क्रिस्तियानो रोनाल्डोने २००७ मध्ये आणि गॅरेथ बेलने २०१३ मध्ये तर एकाच वर्षी तरुणांचा आणि मोठ्यांचा असे दोन्ही पुरस्कार नेले. महिला खेळाडूंसाठी हा पुरस्कार २०१४ पासून आहे आणि लॉरेन हेम्पने तो चार वेळा घेतला.

ही नावं वाचून आपण खचतो. म्हणून मी तुम्हाला दुसरी दोन नावं देतो.

पहिलं हॅरी केन. २०१५ चा विजेता. त्या सीझनमध्ये लीगमध्ये २१ आणि सगळ्या स्पर्धा मिळून ३१ गोल. पण त्याआधी? टॉटनहॅमने त्याला एकामागून एक चार क्लबांना उसनवारीवर दिलं होतं. आधी तिसऱ्या श्रेणीतला लेटन ओरिएंट, मग मिलवॉल, मग नॉर्विच, मग लेस्टर. फुटबॉलमध्ये याला ‘लोन’ म्हणतात. खेळाडू तुमचाच, पण काही महिने दुसऱ्याच्या मैदानावर घाम गाळायला पाठवायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, याला कोणीच ठेवून घेत नाही. आतून बघितलं तर पोरगा वेगवेगळ्या मैदानांवर, वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली काम शिकत होता. पुढे तो टॉटनहॅमचा आणि इंग्लंडचाही सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू झाला.

दुसरं मॉर्गन रॉजर्स, २०२५ चा विजेता. मँचेस्टर सिटीने त्याला २०१९ मध्ये घेतलं, पण मुख्य टीममधून एकही सामना दिला नाही. लिंकन, बोर्नमथ, ब्लॅकपूल असा उसनवारीचा प्रवास झाला. मग मिडल्सब्रोला विकलं. तिथून फेब्रुवारी २०२४ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाने उचललं आणि पुढच्याच सीझनला सगळ्या खेळाडूंनी मिळून त्याला सर्वोत्तम तरुण ठरवलं.

तुमच्यापैकी बरेच जण मला विचारतात, "सर, दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करतोय, स्वतःचं कधी सुरू करू?" अहो, तुमचं लोन चालू आहे! पगार घेऊन शिकताय. बिलिंग शिका, माल कुठून येतो ते बघा, मार्च एंडला मालकाची झोप का उडते ते समजून घ्या. ही दोन वर्षं फुकट चालली असं समजू नका. फुकट तेव्हा जातील, जेव्हा तुम्ही काउंटरवर उभं राहून फक्त मोबाइल बघाल.

पहिला विजेता आणि ओव्हरटाइमचं गणित

आता पुरस्कारानंतर काय होतं ते बघू. इथेच खरा अभ्यास आहे.

१९७४ चा पहिलावहिला विजेता केव्हिन बिटी. इप्सविच टाउनचा बचावपटू, वय फक्त २०. अंगात प्रचंड ताकद. इप्सविचसोबत त्याने १९७८ मध्ये एफए कपही जिंकला. पण गुडघे साथ देईनात. इंजेक्शन घेऊन मैदानात उतरायचं, वेदना दाबायच्या आणि खेळायचं, असं चालू राहिलं. इंग्लंडकडून जेमतेम नऊ सामने झाले आणि तिशी यायच्या आत वरच्या दर्जाच्या फुटबॉलमधून तो बाहेर पडला. २०१८ मध्ये तो वारला. इप्सविचच्या स्टेडियमबाहेर आज त्याचा पुतळा आहे. लोकांनी प्रेम केलंच, पण प्रेमाने गुडघा भरून येत नाही.

त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, आर्सेनलच्या जॅक विल्शेअरला हा पुरस्कार मिळाला. वय १९. त्या वर्षी फेब्रुवारीत आर्सेनलने बार्सिलोनाला २-१ हरवलं, त्या रात्री या पोराने मधल्या फळीत जो खेळ केला तो बघणारे अजून आठवतात. एका सीझनमध्ये त्याने क्लबसाठी जवळपास ५० सामने खेळले. पुढचा सीझन? शून्य सामने. घोट्याच्या दुखापतीने अख्खं वर्ष गेलं. नंतरही दुखापती पाठ सोडेनात आणि ३० व्या वर्षी, २०२२ मध्ये, त्याने निवृत्ती घेतली.

मित्रांनो, हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पहिलं वर्ष गाजलं की आपण नेमकं हेच करतो, म्हणून सांगतोय. ऑर्डर आली, हो म्हण. अजून आली, अजून हो म्हण. मशीन एकच, पण ते २० तास चालव. आई पापड लाटते, तिला रात्री बारापर्यंत बसव. दिवाळीच्या फराळाची दीडशे किलोची ऑर्डर घेतलेली एक ताई माझ्या बॅचला होती. ऑर्डर तिने पूर्ण केली, नाव झालं आणि मग मनगट इतकं दुखावलं की संक्रांतीपर्यंत पोळपाट हातात घेता आला नाही. गिऱ्हाईक थांबलं नाही, ते दुसरीकडे गेलं.

घरच्या धंद्यात सगळ्यात महाग मशीन म्हणजे तुमचं शरीर. त्याची सर्व्हिसिंग खर्चात धरा. आठवड्यातली एक सुट्टी, एक मदतनीस, आणि "ही ऑर्डर मला झेपणार नाही" हे एक वाक्य. तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे, पण आपल्याला तीच सगळ्यात जड जाते.

मिल्नरचा धडा आणि लीड्सचे भाड्याचे मासे

आता उलट उदाहरण. २०१० चा विजेता जेम्स मिल्नर. पुरस्कार मिळाला तेव्हा तो २४ चा होता. चालतं, कारण वय सीझनच्या सुरुवातीचं धरायचे. यादीत त्याच्या आजूबाजूला गाजलेली नावं आहेत. त्या मानाने मिल्नरचे पोस्टर कोणी भिंतीवर लावत नाही. माझ्या दुकानात त्याची जर्सी आजवर एकानेही मागितली नाही. पण प्रीमियर लीगमध्ये ६०० हून जास्त सामने खेळलेल्या मोजक्या खेळाडूंत तो आहे. १६ व्या वर्षी, २००२ मध्ये सुरुवात केली आणि चाळिशीला टेकेपर्यंत या लीगमध्ये टिकला.

कसं काय? सुरुवात त्याने विंगर म्हणून, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा म्हणून केली. पुढे मधल्या फळीत खेळला. लिव्हरपूलमध्ये प्रशिक्षकाला डाव्या बाजूला बचावपटू हवा होता, तर २०१६-१७ चा जवळपास अख्खा सीझन तिथे उभा राहिला. मँचेस्टर सिटीसोबत दोनदा, लिव्हरपूलसोबत एकदा लीग जिंकली, २०१९ ला चॅम्पियन्स लीगही जिंकली. मालकाला जे लागेल ते दुकानात मिळेल, असा हा माणूस.

पण मिल्नरच्या गोष्टीत मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याचा पहिला क्लब, त्याच्या गावचा लीड्स युनायटेड. २००१ मध्ये लीड्स चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला होता. यशाच्या भरात क्लबने मोठमोठी कर्जं काढली, पुढच्या अनेक वर्षांच्या तिकीट विक्रीवर कर्ज उचललं आणि महागडे खेळाडू घेतले. हिशोब असा की दरवर्षी चॅम्पियन्स लीगला पात्र ठरणारच आणि तिथला पैसा येणारच. पात्र ठरला नाही. पैसा आला नाही. मग खेळाडू विकायला काढले. नंतर हिशोब तपासला तेव्हा बाहेर आलं की चेअरमनच्या ऑफिसमधले शोभेचे मासेसुद्धा भाड्याने आणले होते, वर्षाला २४० पौंड. २००४ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत गेला आणि १८ वर्षांच्या मिल्नरला न्यूकॅसलला विकावं लागलं. प्रीमियर लीगमध्ये परत यायला लीड्सला २०२० उजाडलं. म्हणजे १६ वर्षं.

क्लब बुडाला तो माशांमुळे नाही, हे उघड आहे. पण जो मालक न आलेल्या पैशावर कर्ज काढतो, तो मासेही भाड्याने आणतो. सवय एकच. पहिल्या चांगल्या दिवाळीनंतर गाडीचा हप्ता सुरू करणारे, दुसरा गाळा घेणारे, फर्निचरवर पाच लाख घालणारे मी खूप बघितलेत. त्यांना मी एकच प्रश्न विचारतो, "पुढची दिवाळी निम्मी झाली तर हा हप्ता कुठून देणार?" उत्तर असेल तर खुशाल घ्या.

माळ्यावरचं पोतं

आता माझी गोष्ट.

२०१७ चा उन्हाळा. बीबीए करून मी वडिलांच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात बसायला लागलो होतो. त्यांना आम्ही घरी अण्णा म्हणतो. अण्णांचा धंदा साधा. शाळांचे पीटीचे बूट, बॅडमिंटनची फुलं, कॅरमचं पावडर, तालमींच्या टीमचे ड्रेस. मला वाटायचं, यांना मार्केट कळत नाही. मी इन्व्हेंटरीचा पेपर दिलेला माणूस!

डेली अलीला २०१६ आणि २०१७ असा सलग दोनदा पुरस्कार मिळालेला. वय अवघं २१. खालच्या श्रेणीतल्या मिल्टन कीन्सच्या क्लबमधून टॉटनहॅमने त्याला २०१५ मध्ये ५० लाख पौंडांना घेतलं होतं, त्या बाजारात ही चिल्लरच. २०१६-१७ मध्ये त्याने लीगमध्ये १८ गोल केले होते. जर्सीवर तो आडनाव लावत नव्हता, ‘अली’ काढून त्याने फक्त ‘डेली’ ठेवलं होतं. मला ते फार स्टायलिश वाटलं. पुढची दहा वर्षं याचीच, असं मी ठरवून टाकलं. ८० पांढऱ्या जर्सी मागवल्या, नाव-नंबर छापून नग २६० रुपयांना पडला. एकूण २०,८००. विक्री ४५० ला. अण्णांना विचारलं नाही.

पहिल्या सहा महिन्यांत २३ गेल्या. १०,३५० रुपये आले. मी खूश. मग विक्री थांबली. पोरं दुसरी नावं मागायला लागली. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये डेलीने स्वीडनविरुद्ध गोल केला, मला वाटलं आता उठाव येईल. आला तो एम्बापेच्या जर्सीला! माझ्याकडे ५७ जर्सी पडून राहिल्या.

त्याच जूनमध्ये शाळा उघडताना बुटांचा माल भरायला पैसे कमी पडले. अण्णांना सांगितलं असतं तर पाच मिनिटांत विषय संपला असता. मी सांगितलं नाही. एका मित्राकडून १५,००० हातउसने घेतले आणि ५७ जर्सी पोत्यात भरून माळ्यावर ढकलल्या. रोज शटर उघडताना माझी नजर आधी त्या माळ्याकडे जायची. अण्णा शिडी मागतील या भीतीने मीच सगळा माल वरून काढून द्यायला लागलो. ते म्हणायचे, "पोरगा बरा कामाला लागलाय." ते ऐकून जेवण घशाखाली उतरायचं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत पोतं सापडलं. अण्णांनी तोंड सोडलं, एक जर्सी काढली, उलटी करून शिलाई बघितली. म्हणाले, "कापड चांगलं आहे की. लपवून कशाला ठेवलंयस?"

मी गप्प.

"माल पडला तर पडला म्हणायचं. वीस वर्षांत माझा काय कमी पडलाय काय? पण पोत्यात घालून ठेवलास म्हणजे त्याला गिऱ्हाईक कोण आणणार?"

चार दिवसांत त्यांनी नावावर कापडाची पट्टी मारून घेतली आणि पोरांच्या एका टीमला सरावासाठी ५६ जर्सी देऊन टाकल्या. पट्टीचा खर्च जाऊन नगाला १५० सुटले, म्हणजे ८,४०० रुपये. आता वहीत बघा. आधीचे १०,३५० आणि हे ८,४००, मिळून १८,७५०. घातले होते २०,८००. तोटा किती? २,०५० रुपये.

दोन हजार पन्नास रुपयांसाठी मी वर्षभर नीट झोपलो नव्हतो. मित्राकडे हात पसरले होते आणि बापाशी नजर चोरली होती.

उरलेली एक जर्सी मी ठेवून घेतली. तेव्हा ती मी माझ्या मूर्खपणाची आठवण म्हणून टांगली होती, आणि खरं सांगायचं तर मनात डेलीवरही राग होता. टॉटनहॅमने त्याला जानेवारी २०२२ मध्ये एव्हर्टनला सोडलं, पुढे तुर्कस्तानात उसनवारीवर गेला. मी म्हणायचो, डोक्यात हवा गेली, दुसरं काय!

मग जुलै २०२३ मध्ये त्याची एक मुलाखत आली. माजी खेळाडू गॅरी नेव्हिलसमोर बसून डेली बोलत होता. लहानपणी सहा वर्षांचा असताना त्याच्यावर झालेला अत्याचार, झोपेच्या गोळ्यांचं लागलेलं व्यसन, उपचार केंद्रात काढलेले सहा आठवडे. बोलताना त्याला रडू आवरत नव्हतं. मी दुकानात मोबाइलवर बघत होतो. मागे घड्याळाखाली त्याचीच जर्सी. सगळं जग टाळ्या वाजवत होतं तेव्हाही हा पोरगा आत काहीतरी दाबून जगत होता. त्याच्या दुःखाची आणि माझ्या पोत्याची तुलना करण्याइतका मी उथळ नाही. पण एक मला कळलं. मी पुरस्कार बघून एका माणसाला ‘माल’ समजलो होतो, आणि माल उठला नाही म्हणून त्याला शिव्या घातल्या होत्या.

त्या दिवसापासून ती जर्सी माझ्या मूर्खपणाची राहिली नाही. ट्रेनिंगला कोणी आलं आणि "सर, धंदा एकदम मस्त चाललाय" असं जरा जास्तच जोरात बोललं, की मी जर्सीकडे बघतो आणि विचारतो, "माळ्यावर काय ठेवलंय?" बहुतेक वेळा थोडा वेळ शांतता. मग पोतं खाली येतं. कोणाची जीएसटीची नोटीस असते, कोणाचं खाजगी व्याजाचं कर्ज, कोणाचा भागीदार सहा महिने दुकानात आलेला नसतो.

आजचा गृहपाठ

पुरस्कार एका सीझनचा असतो. तो खोटा नसतो, तुम्ही खरंच चांगलं खेळलात म्हणून मिळतो. पण पुढच्या सीझनची हमी त्यात लिहिलेली नसते. तुमचं पहिलं वर्ष गाजलं असेल तर मनापासून अभिनंदन. आता वही घ्या आणि हे लिहा.

एक. तुमच्याच लाइनमधल्या तीन माणसांची नावं, ज्यांच्या मताला किंमत आहे. कौतुक करणारे नकोत, धंदा कळणारे हवेत. या महिन्यात प्रत्येकाकडे चहाला जा आणि विचारा, "माझं कुठे चुकतंय?"

दोन. गरम मालाचा नियम. सध्या ज्याची हवा आहे अशा एका वस्तूत चालू भांडवलाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसा घालू नका. हा कुठल्या पुस्तकातला आकडा नाही, माझ्या दुकानाचा आहे. तुमचा तुम्ही ठरवा, पण ऑर्डर द्यायच्या आधी ठरवा.

तीन. नव्वद दिवसांत न हललेल्या मालाची यादी. ती गल्ल्यावर, सगळ्यांना दिसेल अशी लावा. भाव कमी करा, पट्टी मारा, दुसरं गिऱ्हाईक शोधा. माळ्यावर टाकू नका.

चार. महिन्यातून एकदा खरा हिशोब एका माणसाला दाखवायचा. आई, बायको, नवरा, भाऊ, मित्र, कोणीही चालेल. आकडा वाईट असेल त्या महिन्यात तर नक्की दाखवायचा. आणि आकड्यांपलीकडचं काही असेल, झोप लागत नसेल, मन उठत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात कमीपणा नाही.

अण्णा अजून दुकानात येतात. परवा एका गिऱ्हाइकाने जर्सीची किंमत विचारली तर मी बोलायच्या आत तेच म्हणाले, "तिची किंमत दोन हजार पन्नास. पण देत नाही."

तुमच्या माळ्यावर काही असेल तर आज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी खाली काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जपा, तब्येत जपा.